एका शब्दाशी अडलेला पुकारा

शिरड शहापूरहून सिद्धेश्वर धरणाकडं जाताना डाव्या हाताला एक फाटा फुटतो. त्या फाट्यावरच्या करंजदरीत कुणाची म्हैस सुटली, रेशनचा तांदूळ आला, जनावरांचा डॉक्टर येणार असला, तर लोकांना ते विश्वंभरच्या तोंडून कळायचं. त्याच्याकडं तीनचाकी टमटम होती. टपावर एक भोंगा बांधलेला, आत सीटखाली मशीन, आणि डाव्या हाताशी माईक. उजव्या हातानं हँडल धरून तो गल्लीगल्लीतून सावकाश गाडी फिरवी आणि बोलत जाई. या कामाला तिकडं पुकारा म्हणतात.

आवाज तसा भारदस्त नव्हता. पण शब्द सुटे आणि स्वच्छ पडायचे. चुलीपाशी बसलेल्या बाईला, छपरात बाजेवर पडलेल्या म्हाताऱ्याला, सगळ्यांना ते बराबर कळायचे. आसपासच्या गावांनी मोबाइलवर भरलेला आवाज लावायला सुरुवात केली, तेव्हाही करंजदरीनं विश्वंभरला सोडलं नाही. निवडणुकीत तर दोन्ही पार्ट्या त्याच्याकडंच यायच्या. सकाळी एकीचं आणि दुपारी दुसरीचं सांगून तो संध्याकाळी दोघांच्याही चहाला जायचा.

त्याचा धर्म मात्र सासरवाडीचा. ही गोष्ट तो स्वतःच हसत सांगायचा. तरुणपणी हिंगोलीला एका मंडपवाल्याकडं कामाला असताना त्याला निर्मलाबाईचं स्थळ आलं. मुलीकडचे महानुभाव पंथाचे. कृष्णाशिवाय दुसरा देव न मानणारे, मुंगीलाही जपणारे. सासऱ्यानं एकच अट घातली, पोरानं रीतसर उपदेश घेऊन पंथात आलं पाहिजे. विश्वंभर तोवर मटण खाणारा, रानडुकराच्या शिकारीत हाकारे देणारा गडी. मुलगी मनात भरली होती, म्हणून तो हो म्हणाला. आश्रमात जाऊन महंतांसमोर बसला, उपदेश घेतला, आणि लग्न लागलं.

आधी तो नियम फक्त पाळायचा. दारू नाही, मटण नाही, भेटल्यावर रामरामऐवजी दंडवत. निर्मलाबाईच्या घरात भाजी कापत नसत, सुधारत. कापणं हा शब्दसुद्धा तोंडात नको. विश्वंभरला याची गंमत वाटे. पुढं वर्षं गेली आणि कधी तरी गंमत वाटायची थांबली. नेमकी कधी, ते त्यालाही सांगता येत नाही. एकदा वखरणी करताना साप निघाला, गडी काठी घेऊन धावला, आणि विश्वंभर आपोआप मध्ये जाऊन उभा राहिला. घरी येऊन त्यानं निर्मलाबाईला विचारलं, "मी असा कवापासून झालो गं?" ती म्हणाली, "मला काय माहीत? मी तर लहानपनापासून सापाला लई भेते."

हे सगळं गावाला माहीत होतं आणि कुणाचं त्यामुळं अडत नव्हतं. अडलं ते त्या मे महिन्यात.

आधी पहाडात फिरायला गेलेल्या माणसांना अतिरेक्यांनी गोळ्या घातल्याची बातमी आली. मग सीमेवर विमानं गेली, तोफा सुरू झाल्या. करंजदरीच्या पारावर दिवसभर मोबाइलवर बातम्या चालत. गावाला लागून तांडा आहे. तिथल्या रामसिंगचा मुलगा रामप्रसाद फौजेत, आणि त्याच भागात. रामसिंग स्वतः फौजेतून निवृत्त होऊन आलेला, डाव्या कानानं कमी ऐकणारा. पोराचा फोन लागेना. जमनाबाई, त्याची आई, दारात बसून राही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी, "काई कळलं का?"

गावानं रॅली काढायची ठरवली. पुढाकार स्वप्निलचा. सरपंचाचा पुतण्या. फौजेच्या भरतीला दोनदा गेला आणि दोन्ही वेळेला बोटभर उंचीनं राहिला होता. तेव्हापासून गावातल्या पोरांना पहाटे पळवायला नेत असे. तो विश्वंभरकडं आला तेव्हा विश्वंभर टमटमला तिरंगी कापड बांधतच होता.

"काका, पैसे किती?"

"पैसे कशाचे? आपल्या पोरासाठी हाय."

रॅली निघाली. पुढं टमटम, मागं शाळेची लेकरं, बाया, ट्रॅक्टर. स्वप्निल विश्वंभरच्या शेजारी बसला होता. "भारत माता की" म्हणताना विश्वंभरनं असा सूर लावला की शेतातली माणसंही जय म्हणत बांधावर आली. रामप्रसादचं नाव घेऊन त्यानं जिंदाबाद दिलं, तेव्हा जमनाबाई दारात उभी राहून रडली.

मारुतीच्या देवळापाशी वळताना स्वप्निल म्हणाला, "आता मुर्दाबाद घ्या, काका."

भोंगा गप्प झाला.

स्वप्निलला वाटलं वायर सुटली. त्यानं वाकून मशीन पाहिलं. लाल दिवा चालू होता. "बोला की." मागून लोकही म्हणायला लागले, "काय झालं?" विश्वंभरनं गाडी थांबवली नाही. हळूहळू चालवतच राहिला. माईक तोंडापासून थोडा लांब धरला होता.

"ते मला म्हनता येनार न्हाई," तो म्हणाला. माईक चालूच होता. जरा लांबून, पण सगळ्या गावानं ते ऐकलं.

स्वप्निलनं माईक हिसकावला आणि स्वतः ओरडला. इतकं जोरात की भोंगा शिट्टी मारायला लागला. रॅली पुढं गेली, शाळेपाशी संपली. लेकरांना बिस्किटं वाटली. पण घरी जाताना लोकांच्या तोंडी तेवढा एकच विषय होता.

संध्याकाळी पारावर त्याला बोलावलं. स्वप्निल तोवर शांत झाला होता. तो म्हणाला, "काका, घसा बसला होता म्हना. मी पोरायला सांगतो. इथंच मिटवू."

विश्वंभर म्हणाला, "घसा तर ठीक हाय."

"मग काहून म्हनले न्हाईत?"

"मुर्दा म्हंजी मढं. आपन रोज बोलतो तो शब्द. कुनाचं मढं पडो, असं मी माईकवर मागू का? सकाळी तोच माईक धरून रामप्रसाद जिंदाबाद म्हनलो मी, म्हंजी जगू दे."

"ते आपले दुश्मन हायेत!"

"असतील. मी न्हाई म्हनलं का?"

कुणीतरी हसलं, कुणीतरी शिवी दिली. स्वप्निलचा चेहरा उतरला. त्यानं वाट करून दिली होती, आणि हा माणूस त्या वाटेनं जायला तयार नव्हता.

रॅलीत कुणीतरी मोबाइलवर घेतलेली चित्रफीत रात्रीतून औंढ्यापासून हिंगोलीपर्यंत फिरली. कुणी खाली लिहिलं, देशद्रोही. कुणी लिहिलं, बाहेरून पैसे मिळाले असतील. सकाळी उठून पाहतात तर टमटमच्या मागल्या बाजूला तांबड्या रंगानं 'देशद्रोही' हा शब्द लिहिलेला. विश्वंभरनं रॉकेल लावून पुसायला घेतलं. अर्धाच निघाला. ग्रामपंचायतीनं पुकाऱ्याचं काम मोबाइलवरच्या आवाजाकडं दिलं. कुठली तरी बाई कागद वाचल्यासारखी बोले आणि करंजदरीला "करंज, दरी" असं तोडून म्हणे. पिठाच्या गिरणीत निर्मलाबाई गेली की बाया आपापली पायली उचलून पलीकडं सरकत.

गावात महानुभावांची आणखी दोन घरं होती. सगळ्यांच्या ओळखीची, लग्नकार्यात ऊठबस असलेली. आता लोक एकमेकांना विचारू लागले, हा नेमका कोणता पंथ? कुठून आला? यांचा देव कोणता? त्या दोन घरांनी दुसऱ्या दिवशी दारावर मोठे झेंडे लावले. त्यातला एक जण विश्वंभरला आडवा आला, तर दंडवत न म्हणता हळूच नुसता हात उचलून गेला. विश्वंभरनं त्याचा राग धरला नाही. घरी येऊन मात्र निर्मलाबाईला म्हणाला, "झेंडा आपल्याबी दारावर लावू. पन भेवून न्हाई." आणि लावला.

निर्मलाबाई जन्मानं या पंथातली. पण त्या दिवसांत तिचंच मन डळमळलं. "म्हना की एकदा," ती म्हणाली. "पारावर उभं राहून म्हना आन् मोकळे व्हा. देवाला मनातलं कळतं."

"देवाला कळतं गं. पन मलाबी कळतंय ना."

"मी जन्मापासून उपदेशी हाय. मी सांगून राहिले, यात पाप न्हाई."

"तुझा बाप असता तर काय म्हनला असता?"

तिनं पीठ चाळायला घेतलं. मग म्हणाली, "बापाला पिठाची गिरनी नव्हती जावं लागत."

गावातल्या पोरांनी त्याच्याविरुद्ध पोलीस चौकीत अर्ज दिला. विश्वंभरला बोलावणं आलं. तो धुतलेला शर्ट घालून गेला. बाकावर बसवून हवालदारानं कागद पुढं ओढला. हवालदार पोटाच्या दुखण्यानं बेजार झालेला, पण माणूस सरळ.

"काय बोललात तुमी नेमकं?"

"काईच न्हाई."

"काई तरी बोलला असाल. अर्ज आलाय."

"त्यायनं म्हनायला सांगितलं, मी म्हनलो न्हाई."

हवालदारानं अर्ज पुन्हा वाचला. चित्रफीत दोनदा पाहिली. "भारत माता की जय म्हनलात."

"व्हय."

"जिंदाबाद म्हनलात. चांगलं म्हनलात." त्यानं पेन कानाला लावला. "आता यात मी लिहू काय? न बोलल्याचं कलम मला तर माहीत न्हाई." तो जरा पुढं वाकला. आवाजात रागापेक्षा नवल होतं. "पन खरं सांगा, मनातून बी वाटत न्हाई का, ते मरावेत?"

विश्वंभरनं उत्तर दिलं नाही. हवालदारानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. वातावरण निवळेपर्यंत माईकला हात लावू नका म्हणून सांगितलं, आणि चहा पाजून पाठवलं.

तिकडं लढाई थांबली. आठवडाही पुरता झाला नसेल, दोन्ही देशांनी थांबल्याचं सांगितलं. रामप्रसादचा फोन आला, तो सुखरूप होता. जमनाबाईनं तांड्यावर गूळ वाटला. गावातली लढाई मात्र थांबली नाही. सीमेवर काय झालं ते लांबचं होतं. विश्वंभर रोज समोर दिसत होता.

मग एक दिवस रामसिंग त्याच्या घरी आला. त्याला स्वप्निलनं आणि सरपंचांनी पाठवलं होतं. फौजी माणूस, त्यातून पोरगं सीमेवर. याच्यापुढं तरी विश्वंभर वाकेल. रामसिंग आला, बाजेवर बसला, उजवा कान पुढं करून म्हणाला, "म्हन."

"काय म्हनू?"

"तो शब्द. माझ्यासमोर म्हन. मी जाऊन सांगतो की म्हनला. झालं."

विश्वंभर म्हणाला, "तुझा पोरगा वाचावा म्हनून मी रोज नाम घेतलं, रामसिंग. निर्मलाला इच्यार."

"ते इच्यारलं न्हाई मी. माझ्या पोरासमोर बंदूक घेऊन एक मानूस उभा हाय. दोघातला एक मरनार. तुझा देव काय म्हनतो, कोन मरावं?"

"कोनीच मरू नये."

"असं नसतं होत."

"व्हय. नसतं होत. पन मला मागायचं झालं तर तेवढंच मागता येतं."

रामसिंग उठून गेला. गावाला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी तो परत आला. त्याला कुणी पाठवलं नव्हतं. या माणसाचं डोकं चालतं कसं, हे त्याला कळत नव्हतं, आणि न कळलेलं तसंच ठेवणं त्याला जमत नव्हतं. बाजेवर बसल्या बसल्या त्यानं सुरुवात केली.

"सगळेच तुझ्यासारखे झाले तर सीमेवर कोन उभं राहील?"

"माहीत न्हाई."

"तुझं हे न बोलनं आमच्या बंदुकीच्या आडोशाला चालतं. तिकडं आमी उभे हावोत म्हनून तू हितं बसून नाम घेतोस."

विश्वंभरनं विचार केला. "खरं हाय ते," तो म्हणाला. "त्याचं ओझं वाटतं मला. पन मंग मी काय करू? शब्द म्हनला तर ते ओझं उतरतंय का?"

रामसिंगला ते पटलं नाही. म्हणून तो तिसऱ्या दिवशीही आला. येताना एक जुनी गोष्ट शोधून आणली होती.

"त्या साली रानडुकरानं मका उकरला, तवा शिकारीची परवानगी निघाली. गावानं हाका घालायचं ठरवलं. त्याचा पुकारा कोनं केला होता? तूच. तवा तुझा धर्म कुठं गेला होता?"

"मी केला नव्हता. मी त्या दिवशी आजारी होतो."

"बरं. अन् पलीकडच्या गावात जत्रेला बोकड पडतो, त्याचा पुकारा दरसाल तूच करतोस की."

"दरसाल तवा मला ताप येतो. आठवून पाहा. निर्मलाचा भाऊ गाडी घेऊन जातो."

रामसिंग बाजेवर पुढं सरकला. "कुत्री धरायची गाडी आली होती, तवा?"

"पोट दुखत होतं."

रामसिंग आधी हसला. मग त्याचं हसू कमी होत गेलं. इतकी वर्षं हा माणूस कुणाला कळू न देता बाजूला होत आला होता. कुणाचं मन मोडलं नाही, कुणाशी वाद घातला नाही. नुसता आजारी पडला.

"मंग या टायमाला का न्हाई पडलास आजारी? स्वप्निल तर घसा बसला म्हन म्हनत होता."

विश्वंभर म्हणाला, "कंटाळा आला. पंचावन्न वर्साचा झालो. किती वेळा आजारी पडू?"

दारात उभ्या असलेल्या निर्मलाबाईनं हे ऐकलं. त्या तापांना तिनं किती काढे करून दिले होते. ती आत गेली आणि भांडी जरा जोरातच ठेवायला लागली.

मग विश्वंभरनं रामसिंगला एक विचारलं. फौजेतून येऊन इतकी वर्षं झाली, पण गावात कुणी ते विचारलं नव्हतं. सगळे विचारत, किती मारले? विश्वंभर म्हणाला, "तिथं तुमी हे मुर्दाबाद म्हनत होता का?"

रामसिंगनं कान पुढं केला, पुन्हा विचारायला लावलं. मग म्हणाला, "चौकीवर? न्हाई. तिथं कोन ओरडतंय? तिथं लाकडं आनायची, बर्फ काढायचा, बंदूक पुसायची. गोळी आली तर गोळी द्यायची. ओरडनं न्हाई." आणि वर म्हणाला, "हे आमी गावाकडं सुट्टीवर आलो की ऐकायचो."

पावसाळ्याच्या आधी ग्रामपंचायतीसमोर बैठक बसली. विषय एकच होता. विश्वंभरनं माफी मागावी आणि सगळ्यांसमोर तो शब्द म्हणावा. नाही तर गावातला पुकारा त्यानं कायमचा सोडावा. स्वप्निल उभा राहून बोलला. त्याचं बोलणं खोटं नव्हतं. तो म्हणाला, "मला फौजेत जायचं होतं, घेतलं न्हाई. गावात बसून मी देशासाठी दुसरं काय करू शकतो? घोषणा तरी देऊ शकतो. ती देतानाबी आपलाच मानूस तोंड मिटून बसतो, तर तिकडच्या पोरायला काय वाटत असंल?"

विश्वंभर उठला. माईकशिवाय त्याचा आवाज गावानं फारसा ऐकलेला नव्हता. तो आवाज लहान होता. "लेकरा, तुला तकलीफ झाली त्याची माफी मागतो. रॅलीचा इचका झाला, त्याचीबी मागतो. फौजेतल्या पोरासाठी जे सांगाल ते करतो. गाडी देतो, रक्त देतो. तो शब्द सोडून."

"तोच पाहिजे," मागून कुणी ओरडलं.

मग रामसिंग उभा राहिला. लोकांना वाटलं, आता हा याची बाजू घेणार. रोज जात होता ना त्याच्या घरी. रामसिंग म्हणाला, "मला या मानसाचं पटत न्हाई. मी त्याला तोंडावर सांगितलंय. दुश्मन मरावा असं मला वाटतं. माझं पोरगं तिथं हाय. पन मी बावीस वर्सं नोकरी केली. न पटनाऱ्या मानसाच्या तोंडात बोट घालून शब्द काढायचं काम मला कोनी दिलं नव्हतं." आणि तो खाली बसला.

टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत. जरा वेळ कुजबुज झाली. सरपंचांनी मधला मार्ग काढला. माफी झाली असं समजावं, शब्दाचा आग्रह सोडावा, पण ग्रामपंचायतीचा पुकारा विश्वंभरकडं परत देऊ नये. कुणाला गाडी लावायची असेल तर ज्यानं त्यानं बघावं. स्वप्निल रागानं निघून गेला. विश्वंभर म्हणाला, "ठीक हाय."

त्यानं भोंगा उतरवून माळ्यावर ठेवला. टमटममध्ये सवाऱ्या भरायला लागला. शिरड शहापूरच्या बाजाराच्या दिवशी बायाबापडे, इतर दिवशी धरणावरचे मासे घेऊन जाणारे भोई. माशांच्या टोपल्या घ्यायच्या का नाही, यावर निर्मलाबाईशी त्याचं एकदा बोलणं झालं. तो म्हणाला, मानसं नेतो, टोपली त्यांच्या मांडीवर असती. निर्मलाबाई म्हणाली, ही तर तुमची पोटदुखीच झाली. दुसऱ्या दिवसापासून त्यानं भोयांना सांगितलं, "तुमी या, टोपली दुसऱ्या गाडीत टाका." ते खो खो हसले आणि दुसऱ्याच गाडीनं जायला लागले. कमाई कमी झाली. निर्मलाबाई चार दिवस स्वतःवरच चिडून होती.

गिरणीतल्या बाया हळूहळू पुन्हा शेजारी बसू लागल्या. कुणी काही बोललं नाही, माफी तर नाहीच. सोयाबीन निघायच्या दिवसांत मजूर मिळेनात. तेव्हा एकमेकींच्या शेतात गेल्याशिवाय भागत नाही, तसं ते झालं. स्वप्निल मात्र अजून बोलत नाही. रस्त्यात समोर आला की मोबाइल बघतो.

दिवाळीनंतर रामप्रसाद सुट्टीवर आला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच विश्वंभरच्या घरी गेला. उंच, रापलेला, कमी बोलणारा पोरगा. निर्मलाबाईनं पाट दिला, तरी उभाच राहिला.

"काका, तो व्हिडिओ आमच्यापर्यंत आला होता."

विश्वंभर म्हणाला, "येनारच."

"तवा मला लई राग आला. आमी तिथं होतो आन् आमच्याच गावचा मानूस... दोस्तायनं मला चिडवलं. तुमचं गाव असलं का म्हनून." त्यानं तांड्यातल्या बापाच्या घराकडं हात केला. "बापू म्हनले, एकदा भेटून घे. म्हनून आलो. राग गेला म्हनून आलो न्हाई."

"राग ठेव," विश्वंभर म्हणाला. "तुझा बराबर हाय तो. बस तर."

रामप्रसाद बसला. निर्मलाबाईनं दोघांना चहा आणून दिला. शेवटी विश्वंभरनंच विचारलं. त्याचा जन्म आवाजात गेलेला, त्याला तेच सुचलं.

"तिथं सकाळी कसले आवाज येतात रे?"

रामप्रसादला असा प्रश्न अपेक्षित नव्हता. तो आठवायला लागला. वाऱ्याचा येतो, म्हणाला. जनरेटरचा. खालच्या ओढ्याचा. पलीकडं एक गाव आहे, दुर्बिणीतून दिसतं. तिथं एक बाई रोज सकाळी कुणाला तरी हाक मारते. लांबलचक. पोराला की बकरीला, ते त्यांना कधी कळलं नाही. त्यावर त्यांच्यात पैजा लागायच्या. तोफा चालू झाल्यावर ती हाक बंद झाली. नंतर परत ऐकू आली का, असं विश्वंभरनं विचारलं. रामप्रसाद म्हणाला, त्याची जागा बदलली, त्याला माहीत नाही.

चहा संपवून तो उठला. दारात वळून म्हणाला, "सुट्टी संपल्यावर मला हिंगोली टेसनला सोडाल का? बापूला गाडीत कमरंचा त्रास होतो, त्यायला नेत न्हाई."

"सोडतो की."

सुट्टी संपली त्या दिवशी त्याला सोडायला विश्वंभर आणि निर्मलाबाई दोघंही गेले. जमनाबाईनं दिलेल्या डब्यांची पिशवी रामप्रसादच्या मांडीवर होती. गाडी यायला वेळ होता. रामप्रसादनं फलाटावर विश्वंभरच्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं आणि मध्येच सरळ झाला. विश्वंभरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एवढंच.

परतताना हळदीच्या बाजारापाशी ट्रॅक्टरांची रांग लागली होती. विश्वंभरनं इंजिन बंद केलं. निर्मलाबाई मागं बसली होती. ती पुढं सरकली. गेले कित्येक महिने विचारायचं होतं ते तिनं आत्ता विचारलं.

"हवालदारानं इच्यारलं होतं ना तुमाला, मनातून बी वाटत न्हाई का म्हनून. तुमी उत्तर दिलं न्हाई म्हनलात. काहून न्हाई दिलं?"

विश्वंभरनं फडक्यानं समोरची काच पुसली.

"वाटलं होतं म्हनून," तो म्हणाला. "टीव्हीवर ती बाई दाखवली, पहाडात मारलेल्या नवऱ्यापाशी बसलेली. तवापासून वाटत होतं. रॅलीत तो शब्द माझ्या तोंडात आला होता, निर्मला. सूरसुद्धा धरला होता मी. सगळ्या गावाहून मोठ्यानं म्हनलो असतो."

"मंग?"

"मंग भेलो. इतका सोपा आला तो."

पुढचा ट्रॅक्टर हलला. मागच्यानं हॉर्न दिला, तेव्हा विश्वंभरनं गाडी सुरू केली. गाडी औंढ्याच्या रस्त्याला लागली. मग तिनं त्याला सांगितलं की घरात तूरडाळ संपली आहे, आणि त्यानं शिरड शहापूरला दुकानापाशी गाडी थांबवली.